जागी राहा

२ डिसेंबर, सोमवार

वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. नऊ महिन्यांनी तुमचं अक्षर पाहिलं. पाच ओळी होत्या. चार आईंच्या औषधांबद्दल आणि एक माझ्यासाठी: "२६ तारखेला गाडी घेऊन येते, आईला कायमची इकडे आणणार आहे, तिचं सामान भरून ठेव." भरून ठेवीन. तुम्ही त्यांची लेक, मी सून. तुम्ही माझा फोन उचलत नाही म्हणून लिहिते आहे, वाद घालायला नाही.

औषधं तुम्ही लिहिलीत तशीच चालू आहेत. रक्तदाबाची गोळी सकाळी, गुडघ्याला मलम दोनदा. भूक चांगली आहे. ऐकायला कमी येतं, पण आपल्याबद्दल कोणी बोलत असेल तर दोन खोल्यांपलीकडचंही ऐकू येतं. मी अजून खालच्या पडद्यांच्या कारखान्यातच शिवते. माझं मशीन बरोबर त्यांच्या पलंगाखाली येतं. मशीन फार वेळ थांबलं की त्या वरून एकदा काठी आपटतात, म्हणजे काम कर. दोनदा आपटली की वर ये.

दुसरं लिहिण्यासारखं म्हणजे काल आमची फजिती झाली. आमची म्हणजे माझी. नाताळच्या आधीच्या चार रविवारांतला कालचा पहिला. चर्चमध्ये या दिवशी वेदीमागे जांभळा पडदा लावतात आणि त्यावर कापडी अक्षरांत एक वाक्य असतं. पंधरा वर्षं ते काम आमच्या घरात आहे. अक्षरं हे काढायचे, कापून शिवायची मी. ह्यांचा हात पाट्या रंगवणाऱ्याचा, ह्यांच्या अक्षराला पट्टी लागत नसे. यंदा दोन्ही मीच केलं. पाळकांनी कागदावर लिहून दिलं होतं, 'जागे राहा'. प्रभू येतो आहे, झोपू नका, इतकाच अर्थ.

मी शिवलं 'जागी राहा'.

अशी अक्षरं कापताना ती कापडाच्या मागच्या बाजूला उलटी काढावी लागतात, आरशात दिसतात तशी. उलट्यात मात्रा कुठली नि वेलांटी कुठली याचा गोंधळ होतो. तसाच झाला. पडदा वर चढेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. मग घंटा वाजवणारे काका पहिल्या बाकावरून म्हणाले, "जागी? म्हणजे यंदा फक्त बायकांनी जागायचं. आपण झोपायला मोकळे."

त्यांच्यामागे व्याकरणबाई बसतात. खरं नाव आता कोणी घेत नाही. चाळीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं आणि अजून शिकवतात. त्या म्हणाल्या, "जागी म्हणजे जागेवर. सप्तमी विभक्ती. आपापल्या जागी राहा. वाक्य शुद्ध आहे."

"मग घरी जायचं नाही की काय?"

"तुम्ही नका जाऊ. तुमच्या घरच्यांना तेवढाच आराम."

सगळा हॉल हसला. माझे कान तापले होते. उपासना संपल्यावर मी पाळकांना म्हटलं, "उसवून बदलून देते. अर्ध्या तासाचं काम आहे."

त्यांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. "राहू द्या."

"लोक हसतात."

"जागे राहा म्हणून मी दरवर्षी सांगतो आणि माझ्याच प्रवचनात झोपतात. यंदा हसले. म्हणजे जागे होते."

आईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तो असता तर अशी चूक झाली नसती." खरंच आहे.

तुमची,
भावजय


९ डिसेंबर, सोमवार

वन्सं,

नमस्कार. तुमचं उत्तर आलं नाही, पण मी काही विचारलंही नव्हतं.

आईंना तुमच्या येण्याचं मी सांगितलं नव्हतं. २६ जवळ आली की सांगू असं ठरवलं होतं. परवा त्यांनी शिवणाच्या डब्यात सुई शोधताना तुमचं पत्र काढलं आणि भिंग लावून वाचलं. मग दोनदा काठी. मी वर गेले.

"बेबी मला न्यायला येणार आहे?"

"हो."

"नेणार म्हणजे? मी काय कपाट आहे?"

"त्यांना काळजी वाटते तुमची."

"कशाची काळजी? तू मला उपाशी ठेवतेस?"

"नाही."

"मारतेस?"

"आई."

"मग काय ते नीट सांग. तुम्ही दोघी मार्चपासून तोंडं फिरवून बसल्या आहात. मी म्हातारी आहे, आंधळी नाही."

मी म्हटलं, तुम्ही त्यांनाच विचारा. त्यांनी भिंग मिटलं आणि म्हणाल्या, "विचारायचं कुणाला ते माझं मी बघेन." तेव्हापासून जेवणाव्यतिरिक्त फारसं बोलल्या नाहीत. तुमच्याकडे यायचं की नाही यावर एक शब्द काढलेला नाही. तुम्ही येण्यापूर्वी हे तुमच्या कानावर असावं म्हणून लिहिलं.

कालच्या रविवारी पाळकांनी माझ्या चुकीवरच प्रवचन केलं. मला वाटलं बाकाखाली जावं. ते म्हणाले, माणूस जागा असतो पण भलतीकडे असतो. पाहुणा दारात येऊन उभा राहतो, घरात दिवे लागलेले, सगळे जागे, पण दार उघडायला जागेवर कोणी नाही. डिसेंबरात तर आपण सगळीकडे असतो, बाजारात, याद्यांत, मागच्या वर्षात. येणारा येतो तो तुम्ही ज्या खोलीत आहात त्याच खोलीत. त्या खोलीत तुम्ही नसाल तर तो कुणाला भेटणार?

मला ते लागलं. का, ते आत्ता लिहीत नाही.

मग त्यांनी सांगितलं की या नाताळपर्यंत आशीर्वाद झाल्यावर तीन मिनिटं सगळ्यांनी जागी राहायचं. डोळे मिटून, काही न मागता. देव आहे, आपण आहोत, एवढंच. तीन मिनिटं फार मोठी असतात, वन्सं. बाकं कुरकुरायला लागली. कोणीतरी कुजबुजलं, "गॅसवर भाजी आहे." दुसऱ्याने विचारलं, "बंद केलाय ना?" मग बायकांची अर्धी रांग आपापल्या गॅसची आठवण करत बसली.

मी दुसऱ्या मिनिटाला उठले आणि बाहेर येऊन पिशवीत किल्ली शोधत राहिले. किल्ली हातातच होती.

तुमची,
भावजय


१६ डिसेंबर, सोमवार

वन्सं,

नमस्कार. आज जरा जास्त लिहिणार आहे. मला लिहिण्याची सवय नाही, वेडंवाकडं होईल.

मार्चपासून मला डोळे मिटून प्रार्थना करता येत नाही. डोळे मिटले की छातीत काहीतरी घट्ट होतं आणि मी उठून कामाला लागते. घरी चालून जातं, प्रार्थनेच्या वेळी मी भांडी घासते. चर्चमध्ये मान खाली घालून फरशी बघायची. नऊ महिन्यांत मी देवाशी एक वाक्य धड बोलले नाही. फरशीवर किती तडे आहेत ते मात्र सांगू शकते.

काल तिसरा रविवार. आशीर्वाद झाला, तीन मिनिटं सुरू झाली. मी ठरवलं होतं की उठायचं नाही. डोळे मिटेनात तर नाही, निदान मान वर ठेवून बसायचं. तशी बसले आणि सगळी मंडळी मला दिसली. सगळ्यांचे डोळे मिटलेले. अशी माणसं मी कधी पाहिलीच नव्हती. पाळक एक डोळा किलकिला करून घड्याळ बघत होते. पेटी वाजवणाऱ्या बाईंनी बुटांतून पाय काढले होते आणि पाय घोट्यापर्यंत सुजलेले होते. घंटावाले काका रडत होते. अजिबात आवाज न करता, गालांवरून सरळ खाली. तीन मिनिटं संपली तशी त्यांनी बाहीने तोंड पुसलं आणि सगळ्यांत आधी तेच बोलले, "चला, उठा, जागा भाड्याने घेतली नाही." लोक हसले. मी नाही हसले.

मला वाटलं, देवाला आम्ही रोज असेच दिसत असणार. आम्ही डोळे मिटून त्याला शोधतो आणि तो तिथेच समोर, सुजलेले पाय बघत बसलेला.

हे मनात आलं आणि छातीतलं जरा सैल झालं.

बाहेर पडताना व्याकरणबाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. "तू डोळे उघडे ठेवतेस."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मीही ठेवते. चाळीस वर्षं वर्गावर नजर ठेवली. प्रार्थनेच्या वेळीच तर कार्टी एकमेकांना चिमटे काढायची. माझं सोड. तुझं काय?"

"मिटवत नाहीत."

"मग नको मिटूस."

"देवाला काय वाटेल?"

"देवाला तुझ्या पापण्यांशी काय करायचंय? तू हजर आहेस का, तेवढं बघेल तो. मी पण तेवढंच बघायची. खाली बघून हजेरी देणारा पोरगा निम्मा घरीच असतो."

आज दुपारच्या सुट्टीत मी पडद्याच्या उरलेल्या कापडाची एक जाड गादी शिवली, पेटीवाल्या बाईंच्या पायाखाली ठेवायला. देऊन आले. त्या म्हणाल्या, "तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, दिसलं.

आता विचारायचं ते विचारते. आईंना इथे राहू द्याल का? मी असं का मागते याचं खरं कारण सांगितल्याशिवाय मागणं बरोबर नाही, हेही मला कळतं. ते कारण हातात येतं आणि निसटतं. आज नाही जमलं.

आणि पहिल्या पत्रातली एक गोष्ट दुरुस्त करते. चूक उलट्या कापडामुळे झाली नव्हती. पंधरा वर्षं उलटी अक्षरं कापणारीला मात्रा नि वेलांटी कळत नाही होय? मी कापत होते तेव्हा माझ्या कानात तुमचं वाक्य होतं. हॉस्पिटलच्या खोलीत तुम्ही म्हणालात ते. "वीस मिनिटं. वीस मिनिटं जागी राहता आलं नाही तुला?" हात त्याच वाक्यावर चालला.

तुमची,
भावजय


२१ डिसेंबर, शनिवार

वन्सं,

काल फोन उचललात, बरं वाटलं. नीट बोलता आलं नाही म्हणून पुन्हा लिहिते.

आईंना गुरुवारपासून ताप आहे, छातीत कफ भरला आहे. डॉक्टरीणबाई रोज येऊन जातात. त्यांचं म्हणणं, या वयात हॉस्पिटलमध्ये हलवण्यापेक्षा घरीच उबेत ठेवा, इंजेक्शनं मी देते, सतत कोणीतरी जवळ हवं. मी कारखान्यातून सुट्टी घेतली आहे. मालकीणबाई म्हणाल्या, "नाताळच्या तोंडावर?" मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "जा."

तिकडे भावोजींचा पाय प्लास्टरमध्ये, गाडी चालवणारा २६च्या आधी मिळत नाही, हे मला समजतं. तुम्ही फोन ठेवताना म्हणालात, "लक्ष ठेव. या वेळी तरी." त्याचं मला वाईट वाटलं नाही. तुमच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. त्यांच्या जाण्याची वाटते, पण तिच्यापेक्षा मोठी भीती माझी मला आहे. तशी वेळ आली तर मी काय करेन, ते मला माहीत आहे. मी ते एकदा केलेलं आहे.

उद्याच्या रविवारी चर्चला जाणार नाही.

तुमची,
भावजय


२५ डिसेंबर, बुधवार

वन्सं,

नाताळच्या शुभेच्छा. हे पत्र टपालात टाकून उपयोग नाही, तुम्ही उद्या सकाळी येताय. तरी लिहिते, कारण तोंडाने सांगायला गेले तर मी मध्येच उठेन आणि चहा टाकेन. मला माझी सवय ठाऊक आहे.

काल संध्याकाळी फोनवर मी सांगितलं की आईंना दुपारी जरा त्रास झाला, आता बऱ्या आहेत. 'जरा' नव्हता.

दुपारी अडीचच्या सुमारास त्यांचा श्वास बदलला. आत जायचा आणि बाहेर यायला विसरायचा. मग घरघर, मग पुन्हा थांबायचा. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या दुसऱ्या पेशंटकडे होत्या. "पाऊण तास लागेल. उशा लावून बसतं करा, आणि त्यांच्याजवळून हलू नका." मी उशा लावल्या, खुर्ची ओढली आणि बसले.

तो आवाज मी याआधी एकदा ऐकला होता. कसा, ते आता लिहिते.

मार्चमध्ये त्या दुपारी तुम्ही दोन रात्रींच्या जागरणानंतर माझ्या आग्रहावरून खाली जेवायला गेलात. मी म्हटलं, "दोन घास खाऊन या, मी आहे." तुम्ही वीस मिनिटांनी परत आलात तेव्हा मी खुर्चीत डोळे मिटून होते आणि हे गेलेले होते. तुम्हाला वाटलं मला झोप लागली. तुम्ही तसं म्हणालात आणि मी ते तसंच राहू दिलं.

मी झोपले नव्हते, वन्सं.

तुम्ही गेल्यावर पाच-सात मिनिटांत ह्यांचा श्वास तसा झाला. ते आता वाचणार नाहीत हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, ते आपल्या दोघींनाही ठाऊक होतं. मला ते बघवेना. म्हणून मी डोळे घट्ट मिटले. कान मिटता येत नाहीत, त्यामुळे सगळं ऐकलं. एक श्वास, मग मोठी पोकळी, मग एक. मग चादर हलली. ह्यांचा हात हलला असणार. मी डोळे उघडले नाहीत. त्यानंतर काही ऐकू आलं नाही. तरी मी तशीच बसून राहिले, तुमची पावलं वाजेपर्यंत. झोप माणसाला येते, तिला माफी असते, म्हणून मी झोपेच्या आड लपले. तुम्ही नऊ महिने चुकीच्या गोष्टीसाठी माझ्यावर रागावलात. खरी गोष्ट त्याहून वाईट होती.

काल तोच आवाज, तशीच खुर्ची, तशीच दुपार. डोळे आपोआप मिटायला लागले. मी मोठ्याने म्हटलं, "देवा, मी इथे आहे." नऊ महिन्यांतलं माझं पहिलं वाक्य ते. पुढे काही सुचलं नाही. मी काही मागितलंही नाही. त्यांना वाचव असंसुद्धा म्हटलं नाही. फक्त बघत राहिले.

सव्वीस वर्षं मी या घरात आहे आणि आईंचे डोळे काळे नाहीत, तपकिरी आहेत, हे मला काल कळलं. अर्धे उघडे होते. बुबुळाभोवती निळसर कडं आहे. वरच्या ओठावर उजवीकडे बारीकशी खूण आहे, कधीतरी भाजल्याची. श्वास थांबला की गळ्याजवळची एक शीर उडत राहायची, तिच्यावरून मला कळायचं. मला वाटलं होतं बघणं सहन होणार नाही. खरं म्हणजे न बघणंच असह्य होतं, हे नऊ महिने मी अंगावर काढलं होतं. बघायला लागले तशी भीती माझ्यातून निघून खोलीच्या एका कोपऱ्यात जाऊन बसली. होती, पण तिकडे होती.

खोलीत प्रकाश पडला, कोणी आलं, असलं काही मी सांगणार नाही. तसं काही झालं नाही. एवढंच सांगते की बघणारी मी एकटी नव्हते. हे मला माझ्या मशीनच्या आवाजाइतकं पक्कं कळत होतं. माझ्या आधीपासून कोणीतरी त्यांच्याकडे बघत होतं, आणि मी फक्त शेजारी येऊन बसले होते. मार्चमध्ये ह्यांच्याकडेही तसंच कोणीतरी बघत असणार. तेव्हा मी नव्हते, तरी हे एकटे नव्हते. ही गोष्ट कळली तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण डोळे मी उघडेच ठेवले. पाण्यातूनही दिसतं.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. तुम्हाला फोन करायचा विचार मनात आला होता, पण फोन बाहेरच्या खोलीत होता आणि मी उठले नाही. त्याबद्दल रागवायचं तर रागवा. मग आईंना एक मोठी ढास लागली. मी त्यांना पुढे वाकवलं, पाठीवर थापट्या मारल्या आणि एवढा कफ पडला की भांडं अर्धं भरलं. त्या मागे टेकल्या. श्वास आत गेला आणि बाहेर आला. पुन्हा आत गेला, पुन्हा बाहेर आला.

थोड्या वेळाने डोळे पूर्ण उघडले. म्हणाल्या, "काय गं, डोळे फाडून काय बघतेस? मेले की काय मी?"

"नाही."

"मग चहा टाक."

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा त्या बशीतून चहा पीत होत्या. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, मग पुन्हा तपासली. "कफ सुटला. ताप उतरेल आता." जाताना जिन्यात मला म्हणाल्या, "मी येईपर्यंत काही उरेल असं वाटलं नव्हतं. काय केलंत?" मी म्हटलं, काही नाही, बसले होते.

आज सकाळी उठले तर आई आधीच जाग्या होत्या. ताप नव्हता. मी पलंगावर बसले आणि तुम्हाला वर लिहिलं ते सगळं त्यांना सांगितलं. मी झोपले नव्हते, इथपासून चादर हलली, इथपर्यंत. त्यांच्या डोळ्यांकडे बघत.

त्या म्हणाल्या, "झोपली नव्हतीस ते ठाऊक आहे मला."

"कसं?"

"तू झोपलीस की घोरतेस. भिंत हलते. बेबी घरी येऊन रडत म्हणाली, 'शांत झोपली होती गं, आवाजसुद्धा नव्हता.' तेव्हाच कळलं मला."

"मग इतके दिवस बोलला नाहीत?"

"माझ्या मुलाची शेवटची गोष्ट आहे ती. ती मी तुझ्याकडून उकलून काढायची? तू आणून देशील तेव्हा घ्यायची, असं ठरवलं होतं. फार उशीर लावलास. काल मेले असते म्हणजे?"

मग त्यांनीच विचारलं, "चादर कुठल्या बाजूला हलली?"

"माझ्या."

"नक्की?"

"हो. माझ्या गुडघ्याला लागली."

"मग बरं," त्या म्हणाल्या. "तू कुठे आहेस ते त्याला माहीत होतं." आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, अगदी त्याच जागी, आणि तिथे तो बराच वेळ राहू दिला.

मग घंटा सुरू झाली. दहाची उपासना. आमच्या खिडकीतून घंटा स्पष्ट ऐकू येते, आणि काका आज थांबायचं नावच घेत नव्हते. आई म्हणाल्या, "आपल्यालाच जाता येत नाही, म्हणून गायचं नाही असं कुठे आहे?" आणि त्यांनी सुरू केलं. वन्सं, त्यांना आवाज नाही, दम नाही, तीन कडव्यांतल्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या, आणि मला तर जन्मात कधी सूर लागला नाही. पण आम्ही गायलो. पहिल्या कडव्यानंतर मी बघितलं तर माझा आवाज त्यांच्यापेक्षा मोठा झाला होता. वरच्या मजल्यावरून कोणीतरी जमिनीवर ठोकलं. आईंनी काठी उचलून छताला परत ठोकलं आणि दुसरं कडवं घेतलं. प्रभू जन्मला आहे ही बातमी मी लहानपणापासून दरवर्षी ऐकते. ती आमच्या या खोलीतली बातमी आहे, असं मला आज पहिल्यांदा वाटलं. औषधांचा वास, चहाची बशी, ओला टॉवेल, आणि आम्ही दोघी बेसूर. तो येतो तेव्हा अशाच खोलीत येतो.

दुपारी व्याकरणबाई केक घेऊन आल्या. त्यांनी सांगितलं, आज तीन मिनिटं नव्हती, पाळक विसरले, पण आशीर्वादानंतर कोणी उठलंच नाही. सगळे बसून राहिले. शेवटी पाळकांनाच विचारावं लागलं, "तुम्हाला घरी जायचं नाही का?"

आता उद्याचं. आईंचं सामान मी भरलेलं नाही. भरायचं की नाही ते त्या तुम्हाला सांगतील, मी मध्ये बोलणार नाही. त्या तुमच्याबरोबर आल्या तर मी जिन्यापर्यंत त्यांना धरून आणेन. राहिल्या तर इथेच आहेत. दोन्हीची मला आता भीती वाटत नाही.

माझं मागणं वेगळं आहे. तुम्ही आलात की हे पत्र तुमच्या हातात देईन. ते माझ्यासमोर बसून वाचा. मी तुमच्यासमोर खुर्ची घेऊन बसेन, उठणार नाही, चहाही टाकणार नाही. वाचून झाल्यावर तुम्हाला जे म्हणायचं असेल ते म्हणा, कितीही वेळ लागो. तुमच्या भावाबद्दल जे विचारायचं असेल ते विचारा. जे ऐकलं ते सगळं सांगेन. आणि मी तुमच्याकडे बघत असेन.

तुमची,
भावजय